तेहतीस शेक, पंधरा दिवस

सुपातली ज्वारी निम्मी निवडून झाली होती, निम्मी व्हायची होती. तेवढ्यात, त्या दिवसापुरती किरकोळ रजा घेऊन घरी राहिलेल्या राजेश्रीला शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक दिनकररावांनी आत्ताच बोलावलं होतं. सुपावर परडी पालथी घालून ती उठली.

पालमच्या त्या खासगी शाळेत राजेश्री नऊ वर्षं कारकून. नवरा बन्सीधर शिवणकाम करायचा. दिवाळीनंतर त्याचा घसा बसला तो बसलाच. नांदेडला तपासलं तर घशाचा कॅन्सर निघाला. आता नाकात नळी, आणि सोमवारपासून नांदेडला रोज एक असे किरणांचे तेहतीस शेक. नळी घातलेल्या माणसाला एकट्याला बसनं कसं धाडायचं? सोबत जायला घरात दुसरं कोणी नव्हतंच. म्हणून तिनं दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज टाकला होता.

दिनकररावांच्या टेबलावर तो अर्ज होता आणि शेजारी तिची जुनी फाइल.

"बसा, राजेश्रीताई. संस्थेच्या सचिवांनी फाइल चाळलीय." त्यांनी चष्मा चढवला. "गेल्या पाच सालांतलं बघा. पहिल्या साली टायफॉइड. मग कावीळ. मग डेंग्यू, मग मणका. अन् औंदा परत कावीळ. तुमचं दुखणं दरसाल मार्गशीर्षातच बरं येतं!"

राजेश्रीची मान खाली गेली. तिचं माहेर चारठाण्याचं. तिथं दरसाल दत्तजयंतीचा सप्ताह बसतो. पाच वर्षांपूर्वी आई गेली आणि पारायणातली आईची जागा तिच्याकडं आली. ती मोडायची कशी? सलग आठ दिवस किरकोळ रजा मिळत नाही, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचा दाखला. सगळेच तसं करतात. तिला त्यात कधी पाप वाटलं नव्हतं.

"सर, तुमाला तर ठाऊक होतं. काल्याच्या दिवशी तुमी स्वतः आलता. पंगतीत मीच वाढलं तुमाला."

"मला ठाऊक हाय हो, सचिवांना न्हाई. दाखले खोटे म्हणलं तर नोकरी आजच जाती. खरे म्हणलं तर आजारी रजा सगळी संपलीय. मी खरे म्हणलो."

"अन् नवऱ्याच्या आजाराला रजा?"

"तसला रकानाच न्हाई आपल्या रजिस्टरात. बिनपगारी पंधरा दिवस देतो म्हणायलेत. त्यालाबी एक अट हाय." ते खिडकीकडं बघत बोलले. "राजीनामा लिहून ठिवायचा. तारीख न टाकता. सोळाव्या दिवशी तुमी आल्या न्हाई तर तारीख ते टाकणार. सचिवांची भाची तुमच्या जागेची वाट बघत बसलीय."

"शेक मधे थांबवता येत न्हाईत, सर. खंड पडला तर आधीचंबी वाया, असं डॉक्टर म्हणले."

दिनकरराव माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, तो दोघांच्याही पुढं निवून गेला.

घरी बन्सीधर मशीनला टेकून बसला होता. आवाज राहिला नव्हता, नुसता वारा यायचा.

"मिळाली?"

"पंधरा दिवस."

"मग सोळाव्या दिवशी मी बरा हुतो," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "नोकरी सोडू नकोस. मी जातो एकटा."

"जाताव म्हणे! नळी निसटली तर कंडक्टर बसवणार हाय का?"

डॉक्टरांनी बरं होईल असं एकदाही म्हटलं नव्हतं. शेक देऊन बघू, एवढंच. त्या 'बघू'साठी नोकरी जाणार होती, आणि ती गेल्यावर औषधं कशावर आणायची हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

राजेश्रीनं दत्ताच्या फोटोपुढं दिवा लावला. पाच सप्ताहांत मिळून रजेचे चाळीस दिवस गेले होते. ते शिल्लक असते तर तेहतीस शेक त्यात बसले असते. हिशेब मनात आला तशी ती स्वतःलाच दचकली. देवाला दिलेलं माघारी कसं मागायचं? तिनं हात जोडले. काही न मागताच ती उठली.

वहीची दोन पानं फाडून तिनं एकावर पंधरा दिवसांचा अर्ज लिहिला, दुसऱ्यावर राजीनामा. तारखेची जागा कोरी ठेवली आणि दोन्हीवर सही केली.

शाळा सुटायच्या आत ते कागद दिनकररावांना नेऊन द्यायचे होते.