गाळ काढला, उचलला नाही

चाळीतल्या मंडळींनो, आज फळ्यावर सुविचाराऐवजी हे लिहितो आहे.

कितीतरी अर्जांनंतर आज नगरपालिकेच्या ठेकेदाराची माणसं आपलं गटार साफ करायला आली. रात्रपाळी करून आलो होतो, तरी काळजीने तिथेच उभा राहिलो. त्यांनी गाळ काढला आणि सार्वजनिक नळाजवळच ढीग घातला.

"मुकादम, हा उचलणार कधी?"

"आमचा ठेका काढायचा हाय, भाऊ. उचलायचा न्हाई. त्याचा ठेकेदार येगळा."

"तो कधी येणार?"

"अजून नेमलाच न्हाई. चला राव, आमाला तळवड्याला जायाचंय."

शेजारच्या काकू हसल्या. "राहू दे रे, पाऊस पडला की जाईल परत गटारात."

दुपारी पाणी भरताना माझी आई त्याच गाळावरून घसरली. हात मुरगळला. आता ती नळावर जायला घाबरते आहे.

शुद्धलेखनात मी सहसा चुकत नाही. पण 'काढणे' आणि 'उचलणे' हे दोन वेगळे ठेके असतात, हे आजच कळलं.

उद्या सकाळी मी घमेलं घेऊन उतरणार आहे. एकट्याला तो ढीग आवरणार नाही. कोण येतं? खाली खडू ठेवला आहे. नाव लिहिताना मात्र नुसतं 'येईन' लिहू नका. 'उचलीन' असंही लिहा.