मोगीबाईचं बोलणं मी पोचवलं नाही

नवऱ्याला नाही, आईला नाही — हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. आता तुम्हाला सांगते आहे. का तुम्हालाच, ते मला नीट सांगता येणार नाही.

मी लोणखेड्याची. वडील अक्कलकुव्याकडे आश्रमशाळेत शिक्षक होते, म्हणून लहानपण तिकडे गेलं आणि भिली येऊ लागली. त्या भाषेनेच मला नोकरी दिली. परदेशातल्या एका विद्यापीठाचा प्रकल्प होता — शेंगदाणे, दूध आणि जीवनसत्त्वं घातलेली एक पेस्ट. डोंगरातल्या लहान मुलांना ती रोज द्यायची, वजन वाढतं का ते बघायचं. इथे गुण आला तर ती कितीतरी देशांतल्या मुलांपर्यंत जाणार होती. माझं काम साधं: दर आठवड्याला पाड्यावर जायचं, वजन घ्यायचं, विचारायचं — उलटी? ताप? अंगावर काही उठलं?

एकदा मी गेलेच नाही. बहिणीचं लग्न होतं. "एक हप्ता नई गई तं काय व्हई?" आई म्हणाली. एकाचे दोन झाले. फॉर्म मी घरी बसून भरले. सगळ्यांपुढे लिहिलं — त्रास नाही. आणि वजनं? तीही मनानेच, थोडी थोडी वाढवून.

एवढंच ना, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

मग परदेशी डॉक्टरबाई पाडा बघायला आल्या. दुभाषी मीच. मोगीबाई कडेवर वर्षाची मुलगी घेऊन पुढे आली आणि भिलीत शांतपणे म्हणाली — हे खाल्लं की पोरीचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात. तू आली नाहीस, म्हणून मीच बंद केलं. बाकीच्या पोरांचंही बघा. डॉक्टरबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हे सांगितलं तर त्या माझे फॉर्म काढून बघणार — आणि मी इंग्रजीत म्हणाले, मुलगी आवडीने खाते.

डॉक्टरबाईंनी हात जोडले. आपलं म्हणणं पोचलं असं समजून मोगीबाईनेही जोडले.

महिनाभरात तिच्या दिराच्या धाकट्या मुलीचं तोंड सुजलं, पेस्ट खाऊन. श्वास घेता येईना. झोळीत घालून तिला डोंगर उतरवला, अक्कलकुव्याला दवाखान्यात आणलं. कळल्यावर मीही पोचले. पोर वाचली — हे लगेच सांगते, कारण त्यात माझा काही हात नव्हता.

डॉक्टरांनी विचारलं, पाड्यावर याआधी कुणाला असं झालं होतं का? मोगीबाई तिथेच उभी होती. शहाद्याकडे ऊसतोडीला जाऊन शिकलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत ती म्हणाली, "माझ्या पोरीला झालेलं. या ताईला सांगितलेलं मी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. अजून वेळ गेली नव्हती, नाही का? एक 'हो' पुरला असता.

"मला नाही सांगितलं," मी म्हणाले.

त्यांनी माझं खरं मानलं. का मानू नये? माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. मोगीबाईने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं — आणि पोरीपाशी जाऊन बसली.

चौकशी झाली. पेस्ट बंद झाली. अहवालात आलं, की आईने, म्हणजे मोगीबाईने, त्रास वेळेवर कळवला नाही. म्हणून मग ठरलं, की त्रास कसा कळवायचा हे पाड्यावरच्या आयांना शिकवायचं. भिली येणारी मीच, तेव्हा शिकवायला मलाच पाठवलं.

मी गेले. तासभर शिकवलं. मोगीबाई पुढेच बसली होती, शेवटपर्यंत.