हेडमधले दहा सीसी

माझ्या आत्याला ‘साधारण’ हा शब्द शिवीसारखा लागतो. तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त झाल्यावर तिनं बाबांची वीस वर्षं पडून असलेली जुनी गाडी उघडली आणि पुस्तक वाचून इंजिन बांधायला घेतलं.

ते इंजिन पिस्टनला भोक पडून गेलं होतं. बाबांनी खापर फोडलं गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रींवर. म्हणे टायमिंग चुकवलं, ठिणगी लवकर पडली. हे सगळं मिस्त्रींच्या वर्कशॉपच्या दारात, गिऱ्हाइकांसमोर, आवाज चढवून. मिस्त्री फक्त म्हणाले, “टायमिंग बरोबर होतं.” आत्याला ते पटलं होतं. पण बाबा मोठे भाऊ, तिचं ऐकतो कोण?

आता नवे पिस्टन बसले होते. बाबा म्हणाले, “हेड ठेव, नट आवळ आणि मोकळी हो.”

“भोक का पडलं ते कळल्याशिवाय मी इंजिन बंद करणार नाही.”

“जुनी मढी कशाला उकरतेस?”

“कारण त्यातलं एक अजून जिवंत आहे. त्याचं वर्कशॉप चौकात आहे.”

तिनं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उलटं ठेवलं. त्यात प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर एक खळगा असतो, पेट्रोल पेटतं ते तिथं. व्हॉल्व्ह बंद, प्लग घट्ट. खळग्याच्या कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली काच बसवली आणि ब्युरेटमधून, प्रयोगशाळेतल्या मापाच्या नळीतून, पातळ तेल सोडत राहिली, हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत. चार खळगे, प्रत्येक तीनदा. मी कंटाळून दोनदा चहा करून आले. पुस्तकाप्रमाणे एका खळग्यात बावन्न सीसी मावायला हवे होते. मावले बेचाळीस. चारही खळग्यांत तेच.

मग आकडेमोड. पिस्टन खालून वर येताना तीनशे त्रेसष्ट सीसी जागा व्यापतो. वर उरतो तो खळगा, अधिक हेडखालच्या गॅस्केटच्या, म्हणजे पातळ चकतीच्या, जाडीचे सहा. पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर गेल्यावर उरलेली, म्हणजे पेट्रोल-हवा किती पट दाबली जाते ते. हवी होती सव्वासात पट, येत होती साडेआठ. तेव्हाच्या पेट्रोलला एवढा दाब सोसत नसे. ते मनाला येईल तसं भडके आणि मार खाई पिस्टन, टायमिंग कितीही बरोबर असो.

आत्यानं कागद बाबांसमोर ठेवला. “दादा, खळगे उथळ झालेत. हेड खालून दोन मिलिमीटर घासलंय. कुणी घासलं?”

बाबा आधी कागदावर चिडले, मग ब्युरेटवर. आमच्याकडे पडलं तरी नाक वर. आत्या हलली नाही. शेवटी ते म्हणाले, “चढावर सगळे मला मागे टाकायचे. ताकद वाढावी म्हणून लेथवाल्याकडून हेड घासून आणलं. मिस्त्रींना सांगितलं नाही.”

“आणि भोक पडल्यावर?”

“तेव्हा शंका आली होती.”

मला बाबांची लाज वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वीस वर्षं ती आमच्याच घरात! आत्यानं हातातलं फडकं टाकलं. “चप्पल घाल. आत्ताच.”

“उद्या जाऊ.”

“उद्या तुला ताप येईल. मी ओळखते तुला.”

वर्कशॉपमध्ये मिस्त्री स्टुलावर बसले होते. आता पार थकलेले. बाबांनी कागद पुढे केला आणि अडखळत सगळं सांगितलं. मिस्त्रींनी चष्मा लावून आकडे एकेक करून पाहिले.

“गॅस्केट धरलंत?”

“धरलं,” आत्या म्हणाली.

“मग बरोबर आहे.” त्यांनी कागद बाबांना परत दिला. “मला नका देऊ, साहेब. माझं टायमिंग बरोबर होतं, हे मला ठाऊकच होतं. आत माझा मुलगा आहे, तुम्ही ओरडलात त्या दिवशीही तो इथंच उभा होता. त्याला वाचून दाखवा. मी बसवलेलं प्रत्येक टायमिंग तो अजून माझ्यामागे पुन्हा तपासतो.”