नवं रबर

लेनर्ड कायपरने गिअरच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाला आणि दोनच महिन्यांत बायको, आर्लीन, गेली. घर खायला उठलं तेव्हा तो गावच्या शाळेच्या, रोबोट बनवून सामने खेळणाऱ्या संघात पोरांना शिकवायला जाऊ लागला. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात असे म्हातारे शाळाशाळांतून सापडतात, पण हा जरा जास्तच खडूस. एक स्क्रू वाकडा बसला की दिवसभर पुटपुटायचा. पोरं त्याला मिस्टर के म्हणत आणि त्याच्याभोवतीच घोटाळत.

सामन्याची पहिली पंधरा सेकंदं रोबोट आपला आपण चालतो. कुणी बटणाला हात लावायचा नाही, सगळ्यांनी मागे उभं राहायचं. त्या पंधरा सेकंदांचा प्रोग्राम मारिसेला ट्रेविनो लिहायची. चाकाच्या फेऱ्या मोजून रोबोट किती पुढे आला ते ठरायचं. म्हणून लेनर्डनेच फळ्यावर लिहून ठेवलं होतं : चाकाला हात लावलात तर आधी मारिसेलाला सांगा. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. राज्याचा अंतिम सामना जिंकला की सगळे जागतिक स्पर्धेला जाणार होते.

अंतिम सामन्याच्या सकाळी पोरं नाश्त्याला गेलेली. चाकांवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं लेनर्डला बघवेना. त्याने हौसेने चारही चाकांवर नवं जाड रबर बसवलं. तेवढ्यात मैदानावर बोलावणं आलं आणि सांगायचं राहून गेलं.

चाकं मोठी झाल्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत रोबोट वीतभर जास्त धावला, मधली रेषा ओलांडून समोरच्या रोबोटवर आदळला. दंड बसला आणि त्या दंडाच्या गुणांनीच सामना गेला.

"आकडे कुठून आणलेस गं? लॉटरीतून?" रोबोट चालवणारा डेव्हन थोड्या वेळाने सगळ्यांसमोर म्हणाला. शेवटच्या वर्षाची बाकीची पोरं हसली.

"माझीच चूक. मोजण्यात चुकले," मारिसेला म्हणाली.

लेनर्डला सगळं कळलं होतं. पण सांगेल तर शपथ. भित्रा मेला! आर्लीननंतर त्याला हीच पोरं उरली होती, ती तुटतील या भीतीने तो गप्प बसला. परतताना बसमध्ये मारिसेलाच्या शेजारी कुणी बसलं नाही, तोही नाही.

जूनमध्ये शाळेचा निरोप समारंभ झाला, तेव्हा कुठे तो तिच्या दारी गेला.

"पोरी, ते रबर मी बदललं होतं."

"ठाऊक आहे, मिस्टर के. मैदानावरून आल्या आल्या चाक मोजलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय, जाणारच होते. तुम्हाला तिथंच राहायचं होतं ना."

म्हातारा तिच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

सप्टेंबरमध्ये त्याने संघासमोर सारं कबूल केलं. "जाऊ द्या हो, मिस्टर के," पोरं म्हणाली. मारिसेलाला हसलेली पोरं त्यांत नव्हती. ती शाळा संपवून कुठे कुठे पांगली होती, आणि त्यांच्या लेखी आकडे मारिसेलाचेच चुकले होते.