चकतीची मागची कड

मला अपराधी वाटून घ्यायला फारसं कारण लागत नाही. शेजारच्याचं मांजर आमच्या ओट्यावर झोपलं, तरी मीच ते पळवून आणलंय असं मला वाटू लागतं. माझ्या लग्नाची गोष्ट या स्वभावामुळे मोडता मोडता राहिली. की त्यामुळेच जमली? अजून माझं नक्की ठरलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जव्हारजवळच्या एका शाळेत शिक्षक होतो. सूर्यमाळला पाण्याची टाकी बांधायचं काम बघायला एक परदेशी पाहुणा आला होता. जाताना तो रंगीत प्लास्टिकच्या चकत्यांची एक पिशवी आणि इंग्रजी नियमांचा कागद तिथल्या शाळेत ठेवून गेला. खेळ सोपा होता. लांब उभ्या केलेल्या टोपलीत चकती कमीत कमी फेकींत टाकायची. चकती पडेल तिथून पुढची फेक. टोपल्या आम्ही जव्हारच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडून करवून घेतल्या आणि सूर्यमाळच्या माळावर लांब लांब उभ्या केल्या. प्रत्येक खांबावर सायकलची रिम आणि रिमला लोंबणाऱ्या साखळ्या. चकती साखळ्यांवर आपटली की असा खणखणाट व्हायचा, की पाड्यावरची कुत्री भुंकत सुटायची. दर रविवारी आम्ही मोठी माणसं त्या माळावर लहान होत होतो.

मोखाड्याकडून खेळायचे ते बहीण-भाऊ. भाऊ व्यायामशिक्षक, बहीण सूर्यमाळच्याच शाळेत बाई. घर साखरशेतचं, शेतकऱ्याचं. जव्हारकडून मी आणि माझा मित्र. त्याचं जव्हारच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. त्या बाईंसाठी माझ्या घरून मागणी गेलेली होती आणि त्यांचे दादा दोन महिने "बघू, बघू" करत होते. त्या रविवारी जीपमधून उतरतानाच माझा मित्र त्यांना म्हणाला, "सर, आज जव्हार जिंकलं तर आमच्या गुरुजींना घरी चहाला बोलवायचं. बोला!"

चहा म्हणजे काय, हे चौघांनाही कळत होतं. बाई चकती पुसू लागल्या. आधीच पुसलेली होती.

"जिंकलात तर," दादा म्हणाले. "बरोबरी झाली तर नाही. आधीच सांगून ठेवतो."

शेवटच्या टोपलीपर्यंत आलो तेव्हा असं होतं: माझी फेक आत गेली तर आम्ही एका फेकीने जिंकणार, नाही गेली तर बरोबरी. पाठीमागून वारा सुटला होता. माझी चकती टोपलीपासून बऱ्यापैकी लांब, वाळलेल्या गवतात पडली होती. ती खुणेसाठी तशीच ठेवून, दुसरी चकती हातात घेऊन मी तिच्यामागे उभा राहिलो. फेकली. चकती वाऱ्यावर जरा डोलली आणि खण्णकन आत बसली!

मित्राने मला उचललंच. "बिर्याणी! गुरुजी, लग्नात बिर्याणी माझ्याकडून!" कुत्री भुंकू लागली. मीही ओरडत होतो. आणि ओरडता ओरडता माझं लक्ष पायाकडे गेलं.

"थांबा," मी म्हणालो. "फेकल्या फेकल्या माझा तोल गेला. पाय चकतीच्या पुढे पडला."

"कुणी पाहिलं?" मित्राने विचारलं.

"मी."

"तू डोळे मिटून घे!"

नियम असा होता: टोपलीपासून दहा मीटरच्या आत असाल, तर ती जवळची फेक. जवळच्या फेकीत चकती सोडल्यावर तोल सावरून मागेच उभं राहायचं. तोल जाऊन पुढे आलात तर ती फेक बाद, पुन्हा फेकायची. दहा मीटरच्या बाहेर असाल तर फेकल्यावर खुशाल पुढे पळा. म्हणजे माझं लग्न आता दहा मीटरवर आलं होतं.

दादांच्या पिशवीत लांब उडीची टेप कायम असायचीच. त्यांनी एक टोक बहिणीला खांबाच्या बुडाशी धरायला लावलं आणि गवतातल्या चकतीच्या अलीकडच्या, टोपलीकडच्या कडेला टेप टेकवली. "नऊ ऐंशी. फाऊल!"

"अलीकडून का?" मित्र उसळला.

"मग कुठून? लांब उडी मोजताना फळीच्या जवळची खूण धरतात. पंधरा वर्षं मोजतोय."

"सर, इथे वाळू कुठेय? आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला चार बोटं कापड जास्तच देतो आम्ही. टेप माझ्याकडे द्या, दहाचे साडेदहा करून देतो!"

"म्हणूनच तुमच्याकडची पँट मला खाली दुमडावी लागते!"

मी मधेच म्हणालो, "जाऊ दे, फाऊल तर फाऊल." मित्राने माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्याचीही माफी मागावीशी वाटली.

तेवढ्यात खांबाशी उकिडव्या बसलेल्या बाई म्हणाल्या, "दादा, ही लांब उडी नाहीये. कागदात चकतीची मागची कड लिहिलीय. फेकणारा उभा असतो त्या बाजूची. तिथून खांबाच्या बुडापर्यंत मोजायचं."

"तुला काय करायचंय?"

"नियम आहे, म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या आणि जमिनीकडे बघू लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते. माझे तर पेटलेच होते.

चकती एक वीतभर रुंद. दादांनी टेप मागच्या कडेला नेली. मित्र गुडघ्यांवर बसून टेपला नाक लावून बघत होता.

"दहा!" तो ओरडला. "बरोबर दहा! आत नाही! जिंकलो!"

दादांनी कागद बहिणीपुढे धरला. "वाच."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "दहा मीटर किंवा त्याहून कमी."

"किंवा कमी," दादा म्हणाले. "म्हणजे दहाही आतच."

मित्र गवतात आडवा झाला. मला मात्र वेड्यासारखं हसू येऊ लागलं. माझ्यासाठी भांडली तीही तीच आणि मला बाद केलं तेही तिनेच! तिलाही हसू फुटलं. टोक तिच्या हातून सुटलं आणि टेप सरसरत दादांच्या पायात आली.

मी पुन्हा फेकली. तोल अगदी देवळातल्या दगडासारखा धरून फेकली. चकती साखळीला लागली, खणखणली आणि बाहेर पडली. बरोबरी.

दादा टेप गुंडाळत होते. पूर्ण गुंडाळून झाल्यावर म्हणाले, "तुम्ही जिंकला नाहीत, गुरुजी. तेव्हा चहाला आमच्याकडे यायचं नाही."

"नाही येत," मी म्हणालो.

"पण आम्हीही हरलेलो नाही. तेव्हा येत्या रविवारी आम्हीच तुमच्याकडे येतो. आईला सांगून ठेवा, मला साखर कमी लागते."

मित्र गवतातून उठला आणि थेट दादांच्या गळ्यात पडला.

रविवारी ते सगळे आले. माझी आई धांदलीत होती. बोलायला काहीतरी हवं म्हणून तिने बाईंना विचारलं, "तुझी शाळा इथून किती लांब गं?"

ती कप खाली ठेवत, माझ्याकडे बघत म्हणाली, "कुठल्या कडेपासून मोजायचं, ते यांना विचारा."