बग्गीचा शटडाउन

मारोतराव इलेक्ट्रिशियन मूळचे भंडाऱ्याकडचे, पण भिलाईच्या कारखान्यात एवढी वर्षं काढली की घरातही ते ड्यूटीवर असल्यासारखेच वागत. त्यांच्या खात्याचे विजयकुमार साहेब जपानला ट्रेनिंगला गेले आणि येताना रिमोटवर पळणाऱ्या रेसिंग बग्गीचे दोन किट घेऊन आले. एक स्वतःला, एक मारोतरावांना. मारोतरावांनी फार गळ घातली होती. त्या दिवसापासून सिंधुताईंच्या संसारात सवत आली.

कणकेची परात स्क्रूंनी भरली. "कणीक आता अंगणात मळू का?" सिंधुताई करवादायच्या. मारोतरावांना ऐकूच यायचं नाही. गाडी जोडून झाली तरी त्यांचं मन भरेना. चाकांतले प्लास्टिकचे बुश काढून भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारातून शोधून आणलेले बारीक बेअरिंग बसवले. शॉकअपमध्ये शिवणयंत्राचं तेल घातलं, ते पातळ पडलं, गाडी बेडकासारखी उडायला लागली, मग जाड तेल घातलं. पुढचा दांडा मोडला, तर ॲल्युमिनियमची पट्टी घासून नवा केला. साहेबांची गाडी मात्र खोक्यातून निघाली तशीच होती.

गावातल्याच कोहक्याच्या मैदानावर अशा गाड्यांची शर्यत ठरली, तेव्हा मारोतराव बायकोला म्हणाले, "तू ये न पाहाले." इतके दिवस आपण काय करत होतो, ते तिने एकदा पळताना पाहावं, एवढीच त्यांची हौस. सिंधुताई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या.

तिथे घोळ झाला. दोन्ही गाड्या जुळ्या; एकाचा रिमोट दाबला की दुसऱ्याचीही गाडी वळे. तेव्हा आळीपाळीने पळवायचं ठरलं. साहेब हसत म्हणाले, "मारोतराव, शटडाउन द्या. आधी मी."

"देल्ला साहेब," म्हणत मारोतरावांनी रिमोट बंद केला.

कारखान्यात तारेवर काम करण्यापुरती लाइन बंद करून घ्यायची, त्याला शटडाउन म्हणत; ज्याने तो घेतला, त्यानेच येऊन तो परत करायचा. तोवर ब्रह्मदेव आला तरी लाइन चालू करायची नाही. माणसांचे जीव असतात त्यावर.

साहेबांची फेरी झाली, टाळ्या झाल्या. साहेब रिमोट काखेत मारून पाहुण्यांबरोबर चहाला निघून गेले. इकडे मारोतरावांचं नाव पुकारलं गेलं. ते जागचे हलले नाहीत.

"कावून नाही चालवून राहिले?" सिंधुताईंनी विचारलं.

"शटडाउन साहेबापाशी हाये."

"अवो, खेळणं हाये ते! लोक पाहून राहिले."

पुन्हा नाव पुकारलं. लोक हसले. मारोतरावांचा अंगठा बटणापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्यांदा पुकारून त्यांचं नाव कापलं. सिंधुताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या वळून घराकडे चालू लागल्या.

बक्षीस घ्यायला साहेब परतले. "अरे, तुम्ही पळवलीच नाही?"

"शटडाउन तुमी वापस नाही केला, साहेब."

साहेब पोट धरून हसले. "अहो, मी गमतीत म्हणालो होतो! आणि मी तर विसरूनही गेलो."

मारोतरावांना राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. उद्या सकाळच्या पाळीत हाच माणूस लाइन बंद आहे म्हणून सांगणार होता, आणि त्या शब्दावर मारोतराव उघड्या तारेला हात घालणार होते.