चार बायकांत न चालणारी साडी

मंडळी, आम्ही जावाजावा धरमपुरीहून आत्ताच देवासला परतलोय. आंघोळ झाली, तरी नाकातला वास जात नाही.

मुलीला सुरय पक्ष्यांची घरटी दाखवायला नावेतून नर्मदेतल्या बेटावर गेलो होतो. हे पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात. पण वाळू दिसेल तर ना! लोकांनी नर्मदामाईला वाहिलेल्या साड्या वाहत येऊन तिथे घाण होऊन पडल्या होत्या. शी! एका साडीच्या जरीत पाय अडकून एक सुरय मेला होता, वर मुंग्या. मुलगी रडायलाच लागली.

तेवढ्यात मोठ्या जाऊबाईंनी ओटीची साडी काढली. भडक गुलाबी, नायलॉनची.

"हे पाहूनसुद्धा?" मी म्हटलं.

"अगं, आजेसासूबाईंपासूनची रीत आहे."

"त्या सुती लुगडं वाहायच्या. नावाड्याची बायको ते काढून नेसायची."

"आता सब यही चढाते हैं. माईला कुठे नेसायचीय?"

मी साडी हिसकावून घेतली. "मग चैत्राच्या हळदीकुंकवाला तुम्हीच नेसा."

"ही असली? चार बायकांत?" त्या किंचाळल्या.

तुम्हीच सांगा, चार बायकांत नेसायची लाज वाटते, ती साडी आईला कशी चालते?